टॅली प्राइम: मेडिकलच्या स्टॉकला कितपत उपयोगी?

आमचं मेडिकल मिरजेत, दवाखान्यांच्या गर्दीत. माल संपण्यापेक्षा पडून राहण्याचीच डोकेदुखी जास्त. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं ते जीएसटीसाठी, पण पैसे खरे वसूल झाले ते स्टॉकमध्ये. खरेदीचं बिल चढवतानाच बॅच नंबर आणि एक्स्पायरी टाकते. मग मुदत जवळ आलेल्या बॅचेस रिपोर्टमध्ये दिसतात. त्या पुढच्या कप्प्यात घ्यायच्या, नाही खपल्या तर वेळेत स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक पुरवठादाराला, परत. त्यात हयगय झाली की पैसे बुडालेच समजा.

सुट्या गोळ्यांचंही जमतं. 1 स्ट्रिप म्हणजे 10 गोळ्या असं एकक बांधलं, की चार गोळ्या विकल्यावर उरलेल्या सहा बरोबर धरल्या जातात.

रीऑर्डर लेव्हल, म्हणजे माल किती उरला की नवा मागवायचा तो आकडा, मात्र डोकं लावून भरा. पावसाळा तोंडावर आला की ओआरएस आणि पॅरासिटामॉलचा आकडा मी वाढवते. ते अनुभवाचं काम. शेड्यूल एच1 ची (काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लागणारी औषधं यांची सरकारी यादी) नोंदवही आम्ही अजून हातानेच लिहितो, 3 वर्षं जपावी लागते ना! हिशेब आधीच टॅलीत असेल तर बिनधास्त वापरा. नव्याने घेणाऱ्यांनी, पर्यायी औषध सुचवणारं फार्मसीचं खास सॉफ्टवेअरही बघून घ्यावं.