गोधडीच्या व्यवसायासाठी व्हिजिटिंग कार्ड : नारायण पेठेतील एका स्क्रीन प्रिंटिंग छापखान्याचे परीक्षण

हाताने वस्तू बनवून विकणाऱ्यांचा व्यवहार पुष्कळदा स्टॉलवर पूर्ण होत नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी लोक गोधडी हातात घेतात, उलटी करून टाके पाहतात, किंमत विचारतात, "घरी विचारून कळवते" असे सांगून कार्ड पर्समध्ये टाकतात आणि पुढच्या स्टॉलकडे वळतात. पुढे काही महिन्यांनी नात्यात कुणाचा बाळंतविडा करायचा असतो किंवा मुलगी शिकायला परगावी निघालेली असते, तेव्हा त्या पर्समधील दहा-पंधरा कार्डांतून आपले कार्ड शोधले जाते. कार्ड हातात आल्यावर हे कुणाचे, ही बाई काय बनवते आणि आपण तिच्याकडे काय पाहिले होते, एवढे पाहणाऱ्याला लगेच आठवले पाहिजे. छापखाना कार्डाचे हे काम समजून घेतो की नाही, यावरच मी पुढील मत बनवले आहे.

अप्पा बळवंत चौकातून नारायण पेठेत शिरल्यावर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हा छापखाना आहे. काका, काकू आणि एक मदतनीस एवढाच त्यांचा कारभार असून दिवाळीच्या आधी लग्नपत्रिका आणि पाकिटांची कामेच त्यांना पुरून उरतात. त्यामुळे नाव जाहीर करू नये, ही त्यांची विनंती मी पाळते आहे. येथे सर्व काम स्क्रीन प्रिंटिंगचे होते. चौकटीवर ताणलेल्या जाळीवर मजकुराची पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवरची प्रत) ठेवून ती प्रकाशात एक्स्पोज करायची, अक्षरांपुरती जाळी मोकळी करायची आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढून एकेक कार्ड छापायचे, ही जुनी पद्धत. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते. म्हणून फोटो किंवा अनेक रंगांची नक्षी हवी असेल, तर येथे जाण्यात अर्थ नाही.

मी माझ्या गोधड्यांच्या कार्डाचा मजकूर घेऊन गेले तेव्हा काकांनी कागद, रंग, संख्या यांपैकी काहीच आधी विचारले नाही. मजकूर वाचून ते म्हणाले, "ताई, नाव छान मोठं घेतलंय, पण तुम्ही करता काय ते कुठंय?" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मोठ्या कंपनीचे नाव लोकांना आधीच माहीत असते, त्यामुळे तिच्या कार्डावर केवळ नाव आणि चिन्ह असले तरी चालते. घरगुती व्यवसायाचे नाव बहुधा मुलीच्या, आजीच्या किंवा कुलदेवतेच्या नावावरून ठेवलेले असते, आणि ते वाचून अनोळखी माणसाला साबण, लोणचे, दागिने की गोधड्या, याचा काहीच उलगडा होत नाही. काकांच्या सांगण्यावरून 'जुन्या सुती साड्यांच्या हातशिलाईच्या गोधड्या' ही ओळ नावाइतक्याच ठळक अक्षरांत वर आली, आणि पत्ता गाव व पेठेपुरता राहिला. ईमेल पूर्ण गेला, कारण माझ्याकडे ईमेलवरून मागणी येत नाही. दोन फोन नंबरांपैकी जो मी स्वतः उचलते तेवढाच ठेवला.

देवनागरी अक्षरांच्या बाबतीत हा छापखाना ज्या निगुतीने काम करतो, ती मला इतरत्र दिसलेली नाही. 'गोधडी' या शब्दातील 'ध' पाहा. 'ध' आणि 'घ' यांत डावीकडच्या गाठीचा आणि शिरोरेषेतील लहानशा फटीचाच काय तो फरक असतो. अक्षर लहान, टाइप (फॉन्ट) ठळक आणि शाई थोडी जास्त असली, की ती फट भरते आणि शब्द 'गोघडी' असा दिसू लागतो. 'भ' आणि 'म' यांचेही तेच होते. पहिल्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, काकूंनी भिंग धरून नेमके हेच दाखवले. त्यांनी टाइप बदलून मुक्त घेतला, जाडी एका पायरीने कमी केली आणि आकार थोडा वाढवला. मुक्त हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केलेला, कोणालाही विनामूल्य वापरता येणारा टाइप असून त्यात बारीकपासून अतिठळकपर्यंत अनेक जाड्या मिळतात. त्यामुळे कार्ड एकाच टाइपात ठेवूनही नाव आणि बाकीचा मजकूर वेगळा दाखवता येतो.

दुसरी अडचण मजकूर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेताना येते. घरी युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर छापखान्यातील जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला, तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात आणि रफार भलत्याच अक्षरावर चढतो. 'हातशिलाई' मधील 'शि' माझ्या प्रूफमध्ये असाच बिघडण्याची शक्यता होती. येथे मजकूर नव्याने टाइप करतात, सगळी अक्षरे कर्व्हमध्ये (न बदलणाऱ्या रेषाकृतींत) बदलतात आणि कागदी प्रूफवर ग्राहकाची सही घेतल्याशिवाय जाळी बनवत नाहीत. मोबाइलवर चित्र पाठवून 'चालेल का' असे विचारणाऱ्या दुकानांपेक्षा ही पद्धत संथ आहे, पण वेलांट्या आणि मात्रा प्रत्यक्ष आकारात कागदावर पाहणे मला अत्यावश्यक वाटते. पडद्यावर सगळेच मोठे आणि स्वच्छ दिसते.

कागद म्हणून मी हातकागद निवडला. शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था असल्याने पुण्यात हा कागद मिळण्याची अडचण नाही. सुती कापडाच्या कातरणांच्या लगद्यापासून हा कागद होतो, आणि जुन्या सुती साड्यांच्या गोधड्यांना तो शोभतो, हे निवडीचे एक कारण. मुख्य कारण अधिक व्यावहारिक आहे : या कागदावर पेनाने लिहिता येते. ग्राहकाने एखादी गोधडी दहा मिनिटे हातात धरलेली असते. मी कार्डाच्या मागे 'सिंगल, निळे काठ, आतून इरकल' असे लिहून, त्याखाली किंमत टाकून ते तिच्या हाती देते. तीन महिन्यांनी फोन येतो तेव्हा ती तेवढे वाचून दाखवते आणि बोलणे थेट मुद्द्यावर येते. ग्लॉसी लॅमिनेशनवर बॉलपेन घसरते, मॅट लॅमिनेशनवर शाई वाळेपर्यंत हाताने पुसली जाते. गुळगुळीत चकचकीत कार्ड हातात घेताना बरे वाटते हे खरे, पण हातमालाच्या कार्डाची मागची बाजू बिनलॅमिनेशनची असलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्यूआर कोडविषयी मात्र काकांचे आणि माझे आधी पटले नव्हते. मला पैसे देण्याचा यूपीआय कोड कार्डावर हवा होता. त्यांचे म्हणणे असे, की तो कोड स्टॉलवरच्या टेबलावर असावा. महिन्यांनंतर कार्ड काढणाऱ्याला आधी वस्तू पाहायची आणि बोलायचे असते, पैसे देण्याची वेळ पुष्कळ नंतर येते. ते पटल्यावर व्हॉट्सॲपच्या लहान दुव्याचा कोड घेतला, आणि त्याचा छपाईतही फायदा झाला. कोडमध्ये मजकूर जितका जास्त, तितके त्याचे चौकोन अधिक आणि बारीक होतात. फोन नंबरासह व्हॉट्सॲपचा दुवा २५ गुणिले २५ चौकोनांत मावतो, तर यूपीआयच्या लांब मजकुराला एका बाजूला ३३ किंवा ३७ चौकोन असलेली जाळी लागू शकते. २ सेंटिमीटर रुंदीच्या कोडमध्ये पहिल्या प्रकारात एक चौकोन ०.८ मिलिमीटरचा येतो, दुसऱ्यात सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. आणि हातकागदाच्या खडबडीत पृष्ठभागावर शाई पसरल्यावर अर्ध्या मिलिमीटरचे चौकोन एकमेकांत मिसळतात. कोडच्या चारही बाजूंना चार चौकोनांइतकी मोकळी जागा सोडावी लागते, आणि कोड फिक्या पार्श्वभूमीवर गडद रंगातच असावा लागतो. काकांनी प्रूफवरचा कोड तीन वेगवेगळ्या फोनांनी, त्यातल्या एका जुन्या फोनाने, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली वाचून पाहिला आणि मगच पुढचे काम हाती घेतले.

आकार नेहमीचा, साडेतीन इंच बाय दोन इंच ठेवला. चौरस किंवा पानाच्या आकाराची कार्डे आकर्षक दिसतात, पण पाकिटाच्या आणि कार्डधारकाच्या कप्प्यात ती बसत नाहीत आणि मग घरातल्या खणात पडून राहतात. एका कोपऱ्याला पंचिंग करून घेतले, त्यामुळे तेच कार्ड सुती दोऱ्याने गोधडीला लेबल म्हणून बांधता येते. मागच्या बाजूला अगदी खाली 'थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा' एवढी एकच ओळ आहे. गोधडी भेट म्हणून दिली तर ती वापरणाऱ्याला धुण्याची पद्धत आणि माझा नंबर एकाच ठिकाणी मिळतो. स्वतंत्र लेबल छापण्याचा खर्च वाचला, हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

उणिवाही आहेत. काम मिळायला दहा-बारा दिवस लागतात, आणि पावसाळ्यात शाई वाळायला वेळ लागत असल्याने त्याहूनही अधिक. हातकागदाची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे गठ्ठ्यात काही कार्डे फिकट येतात. काकूंनी ती बाजूला काढली होती, तरी काही माझ्याकडे आलीच. घरपोच सेवा नाही. दुकानासमोर दुचाकी लावायलाही जागा मिळत नाही. दरही जास्त आहे : ऑफसेटच्या दुकानात हजार मल्टीकलर कार्डे ज्या रकमेत होतात, जवळपास तेवढ्यात येथे दोनशे मिळतात. अर्थात त्या स्वस्त दरामागेही कारण असते. तेथे अनेक ग्राहकांची कामे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापली जातात, त्यामुळे शेजारच्या कामाला जुळवून घेताना आपला रंग थोडाफार बदलू शकतो. मेणबत्ती किंवा मातीचे दागिने विकणाऱ्या ज्या व्यावसायिकांच्या वस्तूंचे वैशिष्ट्य रंगांत आहे आणि ज्यांना कार्डावर फोटो हवाच, त्यांनी तरीही तिकडेच जावे. ज्यांचा नंबर, पत्ता किंवा वस्तू अजून ठरायची आहे, त्यांनी डिजिटल छपाईने शंभर कार्डे करून घ्यावीत आणि सहा महिने वापरून पाहावीत.

ज्यांचा मजकूर मराठीत आहे, वस्तू मोजक्या आणि ठरलेल्या आहेत आणि एक-दोन रंगांत काम भागते, त्यांना मी या छापखान्याची निःसंकोच शिफारस करते. नाव जाहीर केलेले नसले, तरी त्या भागातील कागदाच्या दुकानांत 'हातकागदावर स्क्रीन करणारे काका' असे विचारल्यास पत्ता मिळतो. डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी कार्डे हवी असतील तर मजकूर गणपती उठल्यानंतर लगेच द्यावा. नवरात्रानंतर ते नवे काम घेत नाहीत. जाताना आपण बनवलेली एक वस्तू सोबत न्यावी, कारण काकू ती हातात घेऊन पाहतात आणि शाईचा रंग त्या कापडाशेजारी धरून ठरवतात.