एन्डेव्हरचं लाकडी मॉडेल: नागपूरच्या हवेत अकरा महिने

मागच्या सप्टेंबरमध्ये किट आलं, आता ऑगस्ट संपत आलाय आणि जहाज टेबलावर उभं आहे, तेव्हा आता लिहितो. किट परदेशी कंपनीचं, नाव देत नाही कारण काही तक्रारी आहेत, कस्टम ड्यूटी धरून 25 हजाराच्या आसपास गेलं. स्केल 1:60. खरं जहाज साधारण 32 मीटर लांब होतं, म्हणजे आपल्याकडे नुसता हल (जहाजाचं धड) 54 सेंमीच्या आसपास येतो, वर पुढे निघालेली काठी वेगळी. टेबल मोठं लागतं, हे आधी मोजून घ्या.

हे जहाज का घेतलं ते सांगतो. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचं एन्डेव्हर मुळात युद्धनौका नव्हतीच, इंग्लंडमधल्या व्हिटबीला 1764 मध्ये बांधलेलं कोळसा वाहणारं जहाज होतं, नौदलाने 1768 मध्ये विकत घेतलं. तळ सपाट, पुढचा भाग एकदम बोथट, पोट मोठं. सोन्याची नक्षी, तीन मजली तोफा असलं काही नाही, आणि मला ते साधं कामकरी जहाजच आवडलं. पण हाच बोथट पुढचा भाग मॉडेल करणाऱ्याचा जीव काढतो. सांगाड्यावर चिकटवायची लाकडी पट्टी सरळ येते आणि शेवटच्या तीन-चार सेंमीत जवळजवळ काटकोनात वळते, तिथे पट्टी मोडते किंवा बल्कहेडपासून (सांगाड्याच्या आडव्या फळीपासून) सुटून उभी राहते.

आधी सांगाडा. प्लायवूडचे बल्कहेड चांगले कापलेले होते, एक मात्र वाकडा निघाला, तो ओला करून वजनाखाली दोन दिवस ठेवला तर सरळ झाला. नंतर बल्कहेडच्या कडा पॉलिशपेपरने घासून पट्टी सगळीकडे टेकेल असं करायचं असतं, हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक पटकन उरकतात. मी तीन आठवडे दिले आणि ते वसूल झाले. माहितीपुस्तक मात्र अगदी कमजोर आहे, फोटो बारके आणि एका ठिकाणी ड्रॉइंगमध्ये एक माप, मजकुरात दुसरंच.

पहिल्या थराच्या पट्ट्या लिंडेन लाकडाच्या, दीड मिलिमीटर जाड. डिसेंबर-जानेवारीत लावल्या, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, सोल्डरिंग आयर्नला पितळी नळी बसवून त्यावर हळूहळू वाकवून, मग फेविकॉल आणि कपड्यांचे चिमटे. पुढे पट्टी निमुळती करावी लागते, नाहीतर एकावर एक चढतात. हा थर आजही जसाच्या तसा आहे, एक फट नाही.

घोळ दुसऱ्या थरात झाला. अक्रोडाच्या पट्ट्या, अर्धा मिलिमीटर, दिसायला इतक्या सुंदर की हातात घेऊन बघत बसायचो. एप्रिल-मे मध्ये लावल्या, खोलीत दिवसभर कूलर चालू, नाहीतर बसवतच नाही इथे. मग लग्नासाठी आठ दिवस बाहेर गेलो, घर बंद, बाहेर 45 डिग्री. परत येऊन दार उघडलं तर डाव्या बाजूला पोटावर पट्ट्यांच्या मधे केसासारख्या फटी, सात-आठ ठिकाणी, नखाने चाचपल्या तर लागत होत्या. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही नीट.

आमच्या गल्लीत एक म्हातारे सुतार आहेत, जन्मभर चंद्रपूरकडच्या सागवानाचंच काम केलं. त्यांना जहाज उचलून नेऊन दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "काऊन गा, कूलरपाशी बसून चिकटवल्या काय? लाकूड पानी पेते न बापू. लाकडाले आधी घराची हवा लागू दे, मंग हात लाव." कूलरच्या दमट हवेत पट्ट्या फुगलेल्या होत्या, मी फुगलेल्याच चिकटवल्या, मग घर कोरडं पडलं आणि रुंदीत आकसल्या, एवढं साधं. त्यांनी सांगितलं तसा त्याच अक्रोडाचा भुसा पातळ फेविकॉलमध्ये कालवून सुईच्या टोकाने भरला, घासला. दोन हात लांबून कळत नाही, जवळून मला कळतं. तेव्हा नागपुरात कोणी करत असेल तर माझं ऐका, दोन्ही थर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उरका, पट्ट्या आठवडाभर त्याच खोलीत उघड्या ठेवा, आणि उन्हाळ्यात डेक, होड्या, डोलकाठ्या असलं काम घ्या.

हत्यारांसाठी ऑनलाइन पैसे घालवू नका. इतवारीत सोनारी सामान मिळतं तिथे बारीक चिमटे, कानशी, हातात धरायचा ड्रिल सगळं मिळालं, आणि टिकाऊ.

रिगिंगचा, म्हणजे डोलकाठ्या-शिडांच्या दोरखंडाचा, दोरा किटमधला सुती आणि फार लव असलेला. जूनच्या सुरुवातीला ताणून बांधला, पाऊस लागल्यावर दमटपणाने आकसला आणि मधल्या डोलकाठीचं टोक एका बाजूला ओढलं गेलं. सगळं सोडून पॉलिस्टर दोरा मेणातून ओढून परत बांधला. खलाशी चढायचे त्या दोरशिड्यांच्या गाठी शेकड्याने आहेत, रोज रात्री एक तास, घाई केली की ओळ वाकडी.

बांधताना मला सारखा 1770 चा जून आठवायचा. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळ खडकांवर जहाज अडकलं, जवळजवळ दिवसभर अडकून राहिलं, तोफा सुद्धा समुद्रात टाकल्या. सुटल्यावर एका शिडाला लोकर आणि दोराचा भुगा लावून ते तळाखालून ओढून भोक दाबलं आणि किनारा गाठला. सपाट तळ होता म्हणून नदीच्या काठावर टेकवून दुरुस्त करता आलं. तो तळ मी स्वतः पट्टी-पट्टीने लावलाय, त्यामुळे ते वाचताना वेगळंच वाटतं.

काचेची पेटी अजून व्हायची आहे, तोवर रोज सकाळी मऊ ब्रशने धूळ काढतो. बायको म्हणते फटीची बाजू भिंतीकडे कर. मी केली नाही, खिडकीतून उजेड डाव्या बाजूनेच येतो आणि अक्रोडाचा रंग त्या उजेडातच खुलतो.