पत्तीच्या कोपऱ्यातला गोंद

जुन्या मशीनच्या नादात ३९,८०० रुपये गेले. एकदम नाही. आधी टोकन ५,०००, मग निम्मी रक्कम पुरी करायला २८,५००, मग गाडीभाडं ६,३००. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फोन बंद, डीपीवरचा गणपती गायब.

मी काही काल या धंद्यात आलेलो नाही. भोसरीत अकरा वर्षं स्टेनलेसचं फॅब्रिकेशन करतोय. लिफ्टच्या चौकटीच्या स्टीलच्या पत्त्यांना हेअरलाइन (घासून काढलेल्या बारीक सरळ रेघांचं फिनिश) मारायला बाहेर फुटाला २२ रुपये द्यायचे, वर ‘उद्या देतो’ ऐकत चार दिवस लटकायचं. १,४०० फुटांची ऑर्डर हातात, म्हणजे ३०,८०० नुसते घासायचे. अशात ६७,०००ला हे घासायचं जुनं बेल्टचं मशीन दिसलं तर कोण सोडेल?

आणि विकणाऱ्याने नमुना पाठवला हो! फूटभर चॅनल, म्हणजे वाकवलेली पत्ती, कुरियरने. ‘बेंड मारल्यावर आपल्याच मशीनवर घासलंय, दादा.’ रेघा सरळ, पार आतल्या कोपऱ्यापर्यंत. त्या कोपऱ्यात बेल्ट शिरतो तरी का? तिथेच माझं बोट चिकटलं. गोंद, आणि सुताएवढी पांढरी फिल्म. बाजारातला, फिल्म चिकटवूनच मिळणारा तयार हेअरलाइन पत्रा वाकवून पाठवला होता. माझ्या हेल्परलाही कळलं असतं. मी काय केलं? थिनरची चिंधी घेऊन गोंद पुसला आणि बायकोला फोटो पाठवला, ‘बघ काय फिनिश आहे’ म्हणून.

जीएसटी नंबर तपासला होता मी. खरा होता, फक्त दुसऱ्याच कुणाचा. पैसे मात्र एका बाईच्या बचत खात्यात. नंबर बघून थांबू नका, पोर्टलवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळतंय का बघा.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी दुसऱ्या दिवशी फोन केला, कारण आदला दिवसभर ‘गाडी खंडाळ्याच्या घाटात बंद पडलीय’ चाललं होतं. घाटबिट ऐकू नका, लगेच लावा. चौकीत म्हणाले, मशीनचा व्यवहार आहे, दिवाणी मामला, कोर्टात जा. सायबरवाले म्हणाले, आधी चौकीत जा. बँक म्हणाली, चौकीचं पत्र आणा. परत चौकीत गेलो, तर ‘ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग आमच्याकडे कशाला? आणि पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ हो, मीच पाठवले, बंदूक नव्हती डोक्याला! पाच खेटे, दर वेळी अर्धा दिवस शॉप बंद. त्याचे पैसे तर मी धरलेच नाहीत.

मशीन घ्यायचंच असेल तर आपली पत्ती न्या, मागे छिन्नीने खूण करा, समोर उभं राहून घासून घ्या.

पाचव्या खेपेला पुरावा म्हणून तो चॅनल नेला. साहेबांनी उलटसुलट पाहिला, अंगठा फिरवला. ‘फिनिश चांगलंय हो,’ म्हणाले आणि परत दिला.