पुढच्या काचेजवळची जागा घेऊ नका: वेगवान कॅटामरान फेरीचा अनुभव

आईचं वय ७८. गुडघ्यांमुळे चाकाची खुर्ची लागते आणि तिला बोट लगेच लागते. तिला खुल्या समुद्रातून अडीच तास न्यायचं होतं, म्हणून मी नेहमीचं मोठं जहाज सोडून मुद्दाम वेगवान कॅटामरान, म्हणजे जोड-अंगाची बोट, निवडली. जहाजांच्या डिझाइनमध्ये वजनाचा हिशेब ठेवणं हे माझं काम आहे. पत्रा, केबल, रंग, खुर्च्या, गालिचे असं सगळं किलोकिलोनं मोजण्यात अकरा वर्षं गेली, पण तिकीट काढून अशा बोटीत बसले ती पहिल्यांदाच. कंपनीचं नाव घेत नाही, बोटीबद्दल सांगते.

लांबी नव्वदेक मीटर. दोन्ही बाजूंना दोन अरुंद हल, म्हणजे पाण्यात तरंगणारी लांबट अंगं, त्यांच्यावर गाड्यांचा डेक आणि त्याच्यावर प्रवासी. सगळं बांधकाम अॅल्युमिनियमचं. आत गेल्यावर मी सवयीनं भिंतीवर बोट वाजवून पाहिलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा असलेलं पॅनेल होतं. टेबलं तशीच, छतही तसंच. कुणाला हे स्वस्तातलं काम वाटेल, पण तसं नाही. स्टीलची घनता ७.८५ आणि अॅल्युमिनियमची २.७ असली, तरी तो फायदा जाड लाकडी सजावटीत आणि जड खुर्च्यांत सहज संपून जातो. मग बोट पाण्यात खोल बसते, इंजिनं जास्त तेल पितात आणि वेग काही मिळत नाही. इथे ज्यानं कुणी आतली सजावट ठरवली, त्यानं वजनाची शिस्त शेवटपर्यंत पाळली आहे. मला फार समाधान वाटलं.

प्रवाशांचा सगळा मजला खालच्या सांगाड्यापासून रबरी आधारांनी वेगळा केलेला आहे. मधल्या भागात टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला, तर पाण्यावर बारीकशीही थरथर नव्हती. मागच्या टोकाला मात्र, पाण्याचा झोत मागे फेकून बोट ढकलणाऱ्या वॉटरजेटच्या वर, बोलायला आवाज चढवावा लागत होता. फोनवर ७७ डेसिबल दिसले. फोन म्हणजे काही तपासणीचं यंत्र नव्हे, पण वेगवान बोटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत प्रवासी जागेसाठी ७५ ची मर्यादा आहे, तेव्हा त्या मागच्या आठ-दहा रांगा कुणीतरी नीट मोजून पाहायला हव्यात.

आता मुख्य मुद्दा, जागांचा. तिकीट काढताना सर्वांत महाग जागा दिसतात त्या अगदी पुढच्या, मोठ्या काचेमागच्या. त्यांना खास दालन म्हटलंय. आईला समुद्र दिसावा म्हणून मीही त्याच घेतल्या. ही माझी चूक, कारण हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. लाटेवर बोट पुढे-मागे डोलते तेव्हा डोलण्याचा मध्य साधारण बोटीच्या मध्यापासून किंचित मागे असतो. त्याच्यापासून जितकं लांब बसाल तितका हेलकावा मोठा, आणि नाळेकडचं, म्हणजे अगदी पुढचं, टोक सर्वांत लांब. त्यात माणसाच्या पोटाला सर्वांत जास्त त्रास देणारी हालचाल म्हणजे पाच-सहा सेकंदांना एकदा होणारं संथ वर-खाली. बंदर सोडल्यावर वीस मिनिटांत लाटा दीड-दोन मीटरच्या झाल्या आणि आईचा चेहरा उतरला. दोन हलांच्या मधल्या पोटाखाली लाट आपटली की धप्प असा आवाज येई आणि ती दरवेळी माझा हात घट्ट धरी.

एका कर्मचारी मुलीनं न सांगता ओळखलं आणि आम्हाला मधल्या भागात हलवलं. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "अगं, इथे बरं वाटतंय. आधीच का नाही आणलंस?" बोट तीच, लाटा त्याच, फक्त पस्तीसेक मीटर मागे आलो होतो. जी जागा सर्वांत जास्त हलते तीच खास म्हणून विकायची आणि म्हाताऱ्या माणसांना त्याबद्दल एक ओळही सांगायची नाही, याचा मला राग आला. शांत समुद्रात तिथून दिसणारं दृश्य अप्रतिम असेल, पण तिकिटाच्या पानावर दोन वाक्यं लिहायला काय हरकत आहे?

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. वेग कमी केला की हेलकावे कमी होतील असं वाटतं. पण या बोटीत पुढे पाण्याखाली पंख आणि मागे हलत्या पट्ट्या आहेत. संगणक त्या सतत फिरवत राहतो आणि त्या हेलकावे दाबतात. पंखाचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे वेग निम्मा झाला की जोर पावच उरतो. वाटेत दुसऱ्या जहाजाला जागा द्यायला कॅप्टननं वेग उतरवला, तेव्हाच आमची बोट सर्वांत जास्त डुलली. वेग वाढला तशी पुन्हा स्थिरावली.

लाटेवर चढण्याऐवजी लाट कापत जाणाऱ्या या जातीच्या बोटी टास्मानियातल्या इन्कॅटनं नावारूपाला आणल्या. त्यांच्या ७४ मीटरच्या 'हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन'नं १९९० मध्ये ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत अटलांटिक पार केला आणि 'युनायटेड स्टेट्स' या जहाजाचा १९५२ चा पूर्वेकडच्या सफरीचा विक्रम मोडला. ही कर्तबगारी मोठीच. पण आईला घेऊन बसल्यावर मला विक्रमांपेक्षा दुसराच एक आकडा आठवत होता.

अॅल्युमिनियम आगीत लवकर मऊ पडतं, म्हणून इंजिनाच्या खोलीभोवती आणि गाड्यांच्या डेकभोवती जाड आवरण असतं. ते ६० मिनिटं टिकणारं असेल, तर नियमाप्रमाणे त्यातून ७ वजा करायचे आणि तीननं भागायचं. उरतात १७ मिनिटं ४० सेकंद. तेवढ्या वेळात सगळे प्रवासी बाहेर पडले पाहिजेत. मग चाकाच्या खुर्चीतली आई? मी त्या मुलीला विचारलं. तिनं लगेच उचलून न्यायची खुर्ची कुठे आहे ते दाखवलं, आईसाठी नेमलेले दोन कर्मचारी कोण तेही सांगितलं आणि तराफ्यात उतरायचा मार्ग कुठून जातो ते चालत जाऊन दाखवलं. पाठ केलेलं उत्तर असं येत नाही. सरावाचं होतं.

नाराजी एकच उरली. स्वच्छतागृहाच्या दाराला तीन बोटं उंच उंबरठा आहे. बाहेरच्या डेकच्या दारांना पाणी अडवायला उंबरा लागतो, पण आतल्या दाराला एवढ्या उंच उंबऱ्याचं कारण मला दिसलं नाही. खुर्ची उचलायला दोघांची मदत घ्यावी लागली आणि आईला अवघडल्यासारखं झालं. तो कापून उतार करायला वेल्डरला अर्धा दिवस पुरेल, आणि वजनही वाढणार नाही.

परतीची तिकिटं काढली आहेत. मधल्या दारापासून मागे चौथी रांग, खिडकी नाही.