सात महिने बिनढालीच्या यानात: 'टाय फायटर' खेळल्यानंतर

पहिल्याच मोहिमेत मला शत्रूवर सोडलं नाही, मालवाहू यानं तपासायला पाठवलं. एकेका यानाजवळ जायचं, आत काय भरलंय ते पडद्यावर उमटलं की पुढच्याकडे वळायचं. स्टार वॉर्सचं नाव लावून आलेला गेम आणि सुरुवात नाक्यावरच्या तपासनिसासारखी! पहिल्या दिवशी जाम कंटाळलो. आज सात महिन्यांनी विचाराल तर या मालिकेवर निघालेल्या गेममध्ये मी याला सगळ्यात वर ठेवतो, आणि त्याचं कारण त्या तपासणीतच आहे.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'टाय फायटर' हा 1994 चा लढाऊ यानांचा सिम्युलेटर. त्याआधी 1993 मध्ये 'एक्स-विंग' आला होता, त्यात आपण बंडखोरांच्या बाजूने उडायचो. इथे आपण साम्राज्याचे वैमानिक, म्हणजे चित्रपटात दर मिनिटाला फुटणाऱ्या त्या गोल डोक्याच्या, दोन पंखांच्या 'टाय' यानात बसलेला बिननावाचा माणूस. दोन्ही गेम बनवणाऱ्या लॉरेन्स हॉलंड यांनी आधी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे सिम्युलेटर केले होते. आणि 1977 च्या पहिल्या चित्रपटातल्या यानांच्या लढाया बसवताना जॉर्ज लुकस यांनी महायुद्धातल्या हवाई चकमकींची जुनी चित्रफीत कापून, जोडून नमुन्यादाखल वापरली होती. चित्रपट आणि गेम दोघांची पाळंमुळं एकाच मातीत. अंतराळात हवा नसताना ही यानं विमानासारखी कलून का वळतात, हा आम्हा चाहत्यांतला कायमचा वाद. त्याचं उत्तर मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पटलं मात्र जॉयस्टिक हातात घेतल्यावर.

आता यानाबद्दल. साध्या टायला मारा झेलणारी ऊर्जेची ढाल नाही, दूरवर झेप घ्यायचं इंजिन म्हणजे हायपरड्राइव्हही नाही. लेझरचे दोन-चार फटके बसले की गेलात, आणि क्षेपणास्त्र बसलं तर एकातच खेळ खलास. समोरच्या बंडखोरांच्या एक्स-विंग यानाला ढाल, चार लेझर आणि वर टॉर्पेडो. त्यामुळे समोरासमोर भिडायचं नाही, हा पहिला धडा. मी तो साधारण चाळीस वेळा मरून शिकलो.

पडद्यावर वर दोन गोल असतात. हे आपले रडार. डाव्या गोलात समोरच्या यानांचे ठिपके, उजव्या गोलात मागच्यांचे. सुरुवातीचे काही आठवडे मी खिडकीतून बघायचो आणि मरायचो. मग हळूहळू नजर त्या गोलांवर बसली. यान वळवलं की मागच्या गोलातला ठिपका कडेकडेने सरकत जातो, तिथून नाहीसा होतो आणि समोरच्या गोलाच्या काठावर उगवतो. त्या क्षणी एंटर दाबायचं, म्हणजे आपला वेग लक्ष्याच्या वेगाशी जुळतो. जुळला नाही तर तुम्ही त्याला ओलांडून पुढे निघून जाता, आणि मग तुमचा ठिपका त्याच्या गोलात. हे एवढंसं अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. नंतर चित्रपट पुन्हा पाहिला तर डेथ स्टार या साम्राज्याच्या महाकाय तळावरच्या हल्ल्यात मी नायकाकडे बघतच नव्हतो. मागे लागलेला टायवाला वेग कधी कमी करतो, तेच बघत होतो.

लेझरची वीजही सांभाळावी लागते. लेझर भरायचा दर वाढवला की इंजिनाची ताकद घटते. ढालवाल्या यानात ढालीचं तिसरं खातं येतं. साध्या टायमध्ये दोनच खाती, तरी महिन्याअखेरच्या हिशेबासारखी ओढाताण असतेच.

मोहिमांची रचना हा या गेमचा खरा ऐवज. नेमून दिलेलं मुख्य काम असतं, त्याखाली दुय्यम कामं. शिवाय मोहिमेआधी काम समजावून सांगतात त्या ब्रीफिंगच्या खोलीत एका कोपऱ्यात झगा घातलेला एक माणूस उभा असतो. त्याच्याशी बोललात तर सम्राटाच्या गुप्त मंडळाची वेगळी कामं कळतात. ती पुरी करत गेलात की हातावरचं गोंदण वाढत जातं. पहिले दोन आठवडे मी त्या माणसाला सजावट समजून चाललो होतो! शिवाय शत्रू म्हणजे फक्त बंडखोर नाहीत. समुद्री चाच्यांचे अंतराळातले भाऊबंद आहेत, आपसात भांडणारे लोक आहेत, फितूर झालेले आपलेच अ‍ॅडमिरल आहेत. कालपर्यंत ज्याच्या जहाजावरून उडालो त्याच्यावरच गोळ्या झाडायला लावलं तेव्हा मी मोहीम थांबवून दोन मिनिटं नुसता बसलो होतो. पांढरा झगा म्हणजे चांगला आणि काळा म्हणजे वाईट, ही चित्रपटातली विभागणी इथे कामाला येत नाही. थ्रॉनही इथे भेटतो. 1991 च्या कादंबरीतून आलेलं ते पात्र. 2014 मध्ये चित्रपटांबाहेरच्या कादंबऱ्या-गेमचं ते सगळं जुनं विस्तारित विश्व 'लेजंड्स' या शिक्क्याखाली अधिकृत कथेबाहेर काढलं गेलं, तेव्हा चाहत्यांत जे रडगाणं झालं त्यात मीही होतो. पुढे थ्रॉनला परत आणलं, हे बरं केलं.

संगीताबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे लोक चुकीची आवृत्ती घेतात. 1995 च्या सीडी आवृत्तीत आयम्यूज नावाची यंत्रणा आहे. लढाईत जे घडतं त्याप्रमाणे सूर तिथल्या तिथे बदलतो. शत्रूची नवी तुकडी हायपरस्पेसमधून आली की तुमच्या नजरेआधी संगीताला कळतं. 1998 च्या विंडोज आवृत्तीत यानं जास्त देखणी झाली, पण आयम्यूज गेलं आणि चित्रपटातलं ध्वनिमुद्रण नुसतं चालू राहतं. शिवाय ती आवृत्ती जॉयस्टिकशिवाय चालत नाही, जुनी माऊसवरही खेळता येते. मी आधी 1998 ची लावली आणि आठवड्यात परत मागे आलो. 640 बाय 480 चे ठोकळे डोळ्यांना आठ दिवसांत सवयीचे होतात. बधिर संगीत होत नाही.

तक्रारी आहेत. मोहिमेच्या मध्यात सेव्ह करता येत नाही. पंचवीस मिनिटं राखण केलेलं मालवाहू यान शेवटच्या क्षणी फुटलं की सगळं पहिल्यापासून. दोनदा मी हेडफोन टेबलावर आपटलाय. सोबतचे वैमानिक कधी हुशार, कधी थेट जहाजावर जाऊन आदळणारे. माझी जॉयस्टिकही तिसऱ्या महिन्यात डावीकडे ओढायला लागली. उघडून पाहिली तर आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे घासून झिजणारा भाग. डेडझोन, म्हणजे मधली हालचाल न मोजणारा पट्टा, वाढवून दिवस काढले, पण मग नेमकी बारीक नेम धरायची हालचालच मेली. शेवटी चुंबकावर चालणारी, हॉल सेन्सरची स्टिक घेतली. गेमपेक्षा जास्त पैसे स्टिकवर गेले, हे घरच्यांना सांगितलेलं नाही.

मावसभाऊ 'स्क्वाड्रन्स' खेळतो, स्टार वॉर्सचाच यानांचा गेम, 2020 चा. त्याचं म्हणणं, "अरे, तू तीस वर्षांपूर्वीच्या त्रिकोणांवर काय जीव टाकतोयस?" त्याच्या गेममध्ये पाच विरुद्ध पाच अशी माणसांशी लढाई आहे, कॉकपिटमधूनच दिसतं, डोळ्यांवर चष्मा चढवून खेळायची व्हीआरची सोय आहे, आणि दिसायला तो चित्रपटाइतका सुंदर आहे. ऑनलाइन मीही त्याच्यासोबत खेळतो आणि मजा येते. पण त्यातली कथेची बाजू लवकर संपते. नंतर उरते ती चढाओढ, आणि तिथे बूस्ट मारून घसरत वळणाऱ्या पोरांपुढे माझा टिकाव लागत नाही. 'फॉलन ऑर्डर' हा स्टार वॉर्सचाच दुसरा गेमही मधे खेळून संपवला. तलवारबाजी झकास, नकाशा बघून मात्र डोकं फिरतं. पण तिथे तुम्ही जेडाय, म्हणजे दिव्य शक्ती असलेले योद्धे. तुमच्यावाचून जगाचं अडलेलं असतं. चित्रपटात ते ठीक आहे, सात महिने रोज निवडलेला माणूस असण्याचा मला कंटाळा आला असता. टायमध्ये मी नसलो तर पहिल्या दिवशीच्या त्या तपासणीला दुसरा कोणी उडाला असता, एवढंच माझं मोल. म्हणूनच जिवंत परतलो की खरंच काहीतरी मिळवल्यासारखं वाटतं.

पुढे पुढे गेम हातात टाय डिफेंडर देतो. ढाल, हायपरड्राइव्ह, यान न फोडता बंद पाडणाऱ्या आयन तोफा, वेग, सगळंच. सुरुवातीला स्वर्ग वाटला. तीन मोहिमांत लक्षात आलं की मी मागच्या गोलाकडे बघणंच सोडून दिलंय. सध्या मुख्य मोहिमा बाजूला ठेवल्या आहेत आणि कॉम्बॅट चेंबर या गेममधल्या सुट्या लढायांच्या भागात साध्या टायच्या जुन्या लढाया उडवतोय. त्यातल्या एकीत गेले नऊ दिवस अडकलोय. दर वेळी शेवटचं यान उरतं, आणि दर वेळी तेच मला पाडतं.