अंड्यांच्या ट्रेतल्या पेटवणाच्या वड्या: चार प्रकार करून पाहिले, एक ठेवला

बाबांना लाकडाच्या शेगडीपाशी बसायला फार आवडतं, पण फुंकर मारायला गेले की खोकल्याची उबळ येते. म्हणून मला असं पेटवण हवं होतं की एक काडी लावली, वर काटक्या रचल्या आणि बाजूला झालं. विकतचे पांढरे ठोकळे आधी आणून पाहिले. ते पेटतात चटकन, पण त्यांचा रॉकेलसारखा वास बाबांना सोसेना. मग घरातलंच टाकाऊ सामान घेऊन बसले.

सगळ्यात सरस ठरली ती अंड्यांच्या कागदी ट्रेमधली वडी. खळग्यांत लाकडाचा भुसा भरायचा, वर मेणबत्त्यांच्या थोटकांचं वितळलेलं मेण ओतायचं आणि गार झाल्यावर एकेक खळगा कापून घ्यायचा. ट्रे कागदाच्या लगद्याचाच हवा, थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा अजिबात नको. भुसाही साध्या लाकडाचाच; प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात, तो जाळायचा नाही.

पहिला घाणा मात्र वाया गेल्यात जमा होता. भुसा बोटांनी दाबून गच्च बसवला आणि मेण काठोकाठ ओतलं. तीन काड्या जळल्या तरी वडी नुसती पाझरत राहिली. मेणाच्या गोळ्याला काडी लावून तो पेटत नाही. मेण वितळून वातीत चढावं लागतं, त्याची वाफ व्हावी लागते, तेव्हा ज्योत धरते. इथे वातीचं काम भुसा आणि पुठ्ठा करतात, आणि मी त्या वातीलाच बुडवून टाकलं होतं. दुसऱ्या वेळी भुसा सैल ठेवला, तो ओलसर दिसेल इतकंच मेण घातलं आणि पुठ्ठ्याचा एक कोपरा फाडून, तंतू मोकळे करून कोरडा ठेवला. त्या कोपऱ्याला काडी लावली आणि एकाच काडीत काम झालं. फोनवर वेळ लावली होती, वडी १२ मिनिटं जळली. तेवढ्यात अंगठ्याएवढ्या जाडीची लाकडंही धरली.

मेण थेट आचेवर वितळवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. जुन्या पत्र्याच्या डब्यात थोटकं टाकायची आणि तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. मेणबत्तीचं मेण साधारण ५० ते ६५ अंशांत वितळतं, पाणी १०० च्या वर जात नाही, त्यामुळे मेण हाताबाहेर तापत नाही. थेट आचेवर ते २०० अंशांच्या आसपास पोहोचलं की त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. आच बंद करून झाकण ठेवायचं. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपात थिजून बसतं.

बाकीचे तीन प्रकार थोडक्यात. जुन्या उशीतल्या कापसाला पेट्रोलियम जेली चोळून केलेले गोळे सगळ्यांत झटकन पेटतात, पण माझ्याकडे चारेक मिनिटांत संपले, शिवाय हात चिकट होतात. टिश्यूच्या नळीत कपडे वाळवायच्या मशीनमधली लव भरली. सुती कपड्यांची लव छान जळली, पॉलिस्टरची वितळून घाण वास सुटला. वर्तमानपत्राच्या पिळलेल्या गाठी तर काटक्या धरायच्या आतच राख झाल्या, आणि ती राख खोलीभर उडाली.

एक वडी रात्रभर पाण्यात टाकून ठेवली होती. सकाळी तिचा मोकळा कोपरा भिजून लिबलिबीत झाला होता, पेटेना. मधोमध मोडली तर आत भुसा कोरडा! त्या मोडलेल्या कडेला काडी लावली आणि लगेच लागली. कागदाच्या गाठीचं हे काम नाही.

उणीव म्हणाल तर सुरुवातीला थोडा काळा धूर येतो आणि मेण खाली ठिबकतं, म्हणून मी वडी जुन्या राखेच्या थरावर ठेवते. सुगंधी मेणबत्त्यांची थोटकं आता वगळते. तो वासही बाबांना चालत नाही.

काटक्या खडखडीत वाळलेल्या असल्या की अर्धी वडी पुरते. आता बाबाच ती मोडून ठेवतात, काडीही स्वतः ओढतात, आणि जाळ धरेपर्यंत मागे सरकून बसतात.