रेड ओक, मेपल आणि काळा अक्रोड : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीत जुने घर घेतल्यावर आम्ही खालच्या मजल्यावरचा गालिचा काढून टाकला आणि तीन खोल्यांत तीन लाकडांची जमीन करून घेतली : बैठकीत रेड ओक, स्वयंपाकघरात हार्ड मेपल आणि अभ्यासिकेत काळा अक्रोड. फळ्या सगळीकडे १९ मिलिमीटर जाडीच्या, भरीव. वरचा पॉलियुरेथेनचा संरक्षक थरही एकाच प्रकारचा. आता दोन हिवाळे आणि मधला दमट उन्हाळा पाहून झाला आहे.

निवड करताना मी जांका चाचणीचे आकडे पाहिले होते. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, हे त्यात मोजतात. मेपलला १४५० पाउंड, रेड ओकला १२९०, काळ्या अक्रोडाला १०१०. (पुण्याहून येणारे सगळे ‘साग का नाही घातला?’ असे विचारतात. सागाचा आकडा अक्रोडाच्याच आसपास आहे, त्याची खरी ताकद पाणी आणि वाळवी सोसण्यात आहे.) या हिशेबाने मेपल सर्वांत निर्धास्त ठरायला हवे होते. प्रत्यक्षात कुकरचे झाकण पडून त्यावर उमटलेली चंद्रकोर दारातूनही दिसते, कारण मेपलचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि फिकट असतो. बैठकीत पितळी समई कलंडली, तो खड्डा मात्र मला बोटाने चाचपून शोधावा लागतो. ओकच्या ठळक रेषांत तो मिसळून जातो. मेपलच्या सांध्यांत हळद शिरली होती, पण पूर्वेच्या उन्हाने काही आठवड्यांत तिचा रंग उडाला.

ओकचा दोष वेगळा आहे आणि तो मला महागात पडला. थंडीत तुळस घरात आणून लोखंडी तिवईवर ठेवली होती. कुंडीचे पाणी पायांशी झिरपत राहिले आणि महिन्याभराने तिवई उचलली तेव्हा खाली तीन निळसर काळी वर्तुळे होती. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि ओल्या लोखंडाशी त्याचा संयोग झाला की शाईच तयार होते. हिरडा आणि लोखंड यांपासून काळा रंग करतात, तोच हा प्रकार. तेवढ्या जागेचा थर घासून ऑक्झॅलिक आम्ल लावल्यावर डाग बरेच फिके झाले, एक मात्र अजून दिसतो. ओकवर लोखंड ठेवायचे असेल, तर खाली कोरडी ताटली हवीच.

अक्रोडाइतकी देखणी जमीन मी पाहिलेली नाही. परंतु खुर्चीच्या चाकांनी तिच्यावर ओरखडे उठले आणि खिडकीजवळचा भाग उन्हाने फिकट झाला. शिवाय तिथे आम्ही १२७ मिलिमीटर रुंद फळ्या घेतल्या होत्या. पहिल्या जानेवारीत हीटरने हवा कोरडी झाली, तेव्हा त्यांच्या फटीत डाइम, म्हणजे दहा सेंटचे अमेरिकी नाणे, उभे राहत होते. ओकच्या ५७ मिलिमीटर फळ्यांतल्या फटी त्याच्या जेमतेम निम्म्या होत्या. दुसऱ्या हिवाळ्यात आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राखली आणि फटी स्पष्टपणे कमी झाल्या.

वरच्या मजल्यासाठी आम्ही रेड ओकच अरुंद फळ्यांत मागवला आहे. या वेळी फळ्या खोलीत उघड्या ठेवून, त्यांचा आणि खालच्या प्लायचा ओलावा मोजून, दोन्ही आकडे जवळ आल्यावरच ठोकायच्या, हे कारागिराकडून आधीच कबूल करून घेतले आहे.